समोरासमोरच्या इमारती, पण डेटा जातो परदेशातून: देशातल्या देशात इंटरनेट कंपन्या ट्रॅफिकची देवाणघेवाण कशी करतात?

पोर्ट_१७९ (धागाकर्ता)

एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन इमारती आहेत. एकीत एका कंपनीचं इंटरनेट, दुसरीत दुसऱ्या कंपनीचं. या इमारतीतून त्या इमारतीत एक फाइल पाठवली तर ती किती लांब फिरते? चार-दोन किलोमीटर, असं आपण धरून चालतो. अनेकदा ते खरंही असतं. पण अनेकदा ती फाइल समुद्राखालच्या केबलने दुसऱ्या देशात जाते, तिथल्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये एका नेटवर्कमधून दुसऱ्यात शिरते आणि तेवढंच अंतर कापून परत येते. आमच्या धंद्यात याला ट्रॉम्बोनिंग म्हणतात.

मी नेटवर्क ऑपरेशन्समध्ये काम करतो. प्लॅन, स्पीड, वायफाय यांवर भरपूर चर्चा होते. पण दोन कंपन्यांची नेटवर्क्स एकमेकांना कुठे आणि कुठल्या अटींवर जोडली आहेत, यावर ग्राहकाचा अनुभव किती अवलंबून असतो हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

इंटरनेटमधल्या प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कला एक क्रमांक असतो, त्याला एएस क्रमांक म्हणतात. "हे पत्ते माझ्याकडून गाठता येतील" असं ही नेटवर्क्स शेजारच्या नेटवर्कला बीजीपी या प्रोटोकॉलमधून कळवत राहतात. कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९८९ मध्ये जेवणाच्या सुट्टीत कागदी नॅपकिनांवर त्याचा आराखडा मांडला होता. सध्या त्याची चौथी आवृत्ती चालते. बीजीपीला किलोमीटर कळत नाहीत, मिलिसेकंदही कळत नाहीत. कुठल्या शेजाऱ्याने काय कळवलं आणि आपल्या इंजिनिअरने कुणाला आधी पसंती द्यायला सांगितलं, एवढंच त्याला माहीत असतं. आणि ती पसंती पैशाच्या हिशोबाने ठरते.

नातीही मुख्यतः दोनच. पहिलं ट्रान्झिटचं: मी मोठ्या नेटवर्कला पैसे देतो आणि ते मला अख्ख्या इंटरनेटपर्यंत पोहोचवतं. दुसरं पीअरिंगचं: आपण दोघं थेट जोडून घेऊ, तुझ्या ग्राहकांचं ट्रॅफिक मी घेतो, माझ्या ग्राहकांचं तू घे, बहुधा कुणीच कुणाला पैसे द्यायचे नाहीत. पण पीअर फक्त स्वतःच्या आणि स्वतःच्या ग्राहकांच्या पत्त्यांपर्यंत नेतो. समजा अ आणि ब पीअर आहेत, ब आणि क पीअर आहेत. तरी अ ला ब मधून क कडे जाता येत नाही. ब ने फुकट ओझं का वाहावं? त्यामुळे क पर्यंत जायला अ ला एकतर क शी थेट जोडावं लागतं, नाहीतर ट्रान्झिट वापरावं लागतं. आता अ चा ट्रान्झिटवाला आणि क चा ट्रान्झिटवाला हे दोघं एकमेकांना फक्त लंडनला किंवा सिंगापूरला भेटत असतील, तर अ आणि क एकाच शहरात असूनही त्यांचं ट्रॅफिक तिथून फिरून येणार. राउटरच्या दृष्टीने यात काहीही बिघडलेलं नसतं.

सांजवारा

छान धागा, एका दमात वाचला. एक बाळबोध शंका. दोघांचीही ऑफिसं एकाच शहरात आहेत, तर एक फायबर टाकून का मोकळे होत नाहीत? एवढ्या केबल्स टाकतातच की.

पोर्ट_१७९

सांजवारा, दोघंच असतील तर तसंच करतात. त्याला खासगी जोडणी म्हणतात, आणि मोठ्या ट्रॅफिकसाठी तीच सर्वांत चांगली. पण देशात ४० नेटवर्क्स असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी जोडायचं ठरवलं तर ७८० जोडण्या होतात. त्यातल्या बहुतेकांवर इतकं कमी ट्रॅफिक असेल की पोर्टचा खर्चही निघायचा नाही.

म्हणून सगळ्यांनी एका ठिकाणी यायचं आणि एकेकच केबल आणायची. तेच इंटरनेट एक्स्चेंज. लंडनचं लिंक्स १९९४ मध्ये सुरू झालं, भारतातलं निक्सी २००३ मध्ये. फ्रँकफर्टचं डीई-सीआयएक्स १९९५ चं, आणि त्याची गोष्ट या धाग्याशी थेट जोडलेली आहे. तेव्हा जर्मनीतल्या दोन कंपन्यांमधलं ट्रॅफिक अमेरिकेतून फिरून येत होतं. तीन कंपन्यांनी फ्रँकफर्टच्या एका जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत आपली नेटवर्क्स जोडली, तिथून सुरुवात झाली. मार्च २०२० मध्ये त्याच एक्स्चेंजवर सेकंदाला ९.१ टेराबिट्सचा उच्चांक नोंदला गेला.

आडवाट

मी एका एक्स्चेंजच्या तांत्रिक टीममध्ये आहे, थोडी भर घालतो. एक्स्चेंज म्हणजे काहीतरी गूढ, अवाढव्य यंत्रणा असेल असं लोकांना वाटतं. गाभा असतो तो एका इथरनेट स्विचचा. तुमच्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर ज्यात जोडलेले असतात तसाच, फक्त क्षमतेने कैकपट मोठा आणि खूप काळजीने जपलेला. सभासदांचे राउटर त्यावर येतात, प्रत्येकाला एका सामाईक रेंजमधला एकेक पत्ता मिळतो. एक्स्चेंज स्वतः कुणाचं ट्रॅफिक कुठे पाठवायचं हे ठरवत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं.

नवा सभासद आला की त्याचा पोर्ट लगेच सगळ्यांमध्ये सोडत नाही. आधी तो एका वेगळ्या क्वारंटाइन व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या स्वतंत्र, अलग कप्प्यात) ठेवतो आणि त्यातून काय काय बाहेर पडतंय ते बसून बघतो. एका पोर्टवर एकच मॅक पत्ता (यंत्राचा हार्डवेअर क्रमांक) दिसायला हवा. स्पॅनिंग ट्रीचे (स्विच आपसात बोलतात ते) निरोप, डीएचसीपीची (मला पत्ता द्या अशी) हाक, राउटर स्वतःची ओळख सांगत फिरतो ते पॅकेट्स, यातलं काहीही दिसलं की सभासदाला फोन जातो: हे बंद करा. प्रॉक्सी एआरपी चालू राहिलेला राउटर तर सगळ्यांत धोक्याचा, तो दुसऱ्याच्या पत्त्यासाठीही "मी आहे" म्हणून उत्तर देतो आणि त्या सभासदाचं ट्रॅफिक स्वतःकडे ओढतो. पोर्ट पूर्ण शांत झाला की मगच त्याला मुख्य व्हीलॅनमध्ये घेतो.

मग रूट सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचे रूट्स (पत्त्यांपर्यंतचे रस्ते) गोळा करून सगळ्यांना कळवणारा सर्व्हर. तो नसेल तर प्रत्येक सभासदाला बाकीच्या सगळ्यांशी वेगवेगळं बीजीपी सेशन करावं लागेल, प्रत्येकाला ईमेल, प्रत्येकाची वाट बघणं. रूट सर्व्हरशी एक सेशन केलं (सहसा दोन, कारण दुसरा राखीव असतो) की त्यावरच्या सगळ्यांचे रूट्स एकदम मिळतात. प्रत्यक्ष डेटा रूट सर्व्हरमधून जात नाही, तो स्विचवरून थेट सभासद ते सभासद जातो. आमच्याकडे नवा छोटा सभासद संध्याकाळी सेशन वर आणतो आणि ग्राफवर त्याची रेघ उचलायला लागते, तो क्षण मला अजूनही आवडतो.

मध्यरात्र

वा, आडवाट. क्वारंटाइनचा भाग पहिल्यांदाच वाचला.

यात केनियाची गोष्ट यायलाच हवी. २००० साली तिथे सगळं आंतरराष्ट्रीय ट्रॅफिक उपग्रहावरून जायचं. नैरोबीतल्या एका कंपनीच्या ग्राहकाने नैरोबीतल्याच दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला मेल पाठवला तरी तो उपग्रहावरून परदेशी जाऊन यायचा, आणि दोन्ही कंपन्या त्याचे पैसे परकीय चलनात भरायच्या. तिथल्या कंपन्यांनी एकत्र येऊन नोव्हेंबर २००० मध्ये केआयएक्सपी हे एक्स्चेंज सुरू केलं. सरकारी टेलिकॉम कंपनीने लगेच तक्रार केली, कारण परदेशी ट्रॅफिक नेण्याची मक्तेदारी तिच्याकडे होती. थोड्याच दिवसांत नियामकाने एक्स्चेंज बंद पाडलं. का, तर परवाना नाही! कंपन्या हटल्या नाहीत. नियामकाला समजावत राहिल्या, अखेर परवाना मिळाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये एक्स्चेंज पुन्हा उभं राहिलं.

इंटरनेट सोसायटीने २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. देशातल्या देशात पॅकेटला जाऊन यायला आधी २०० ते ६०० मिलिसेकंद लागत होते, ते २ ते १० मिलिसेकंदांवर आले होते. २०२० च्या पुढच्या अहवालात केनियातलं जवळपास ७० टक्के ट्रॅफिक स्थानिक पातळीवरच मिळत असल्याचं दिसलं. २०१२ मध्ये तेच प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं. नायजेरियातही जवळजवळ हेच घडलं.

मला यातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते ती ही की स्विच कधीच अवघड नव्हता. अवघड होतं ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेल्या कंपन्यांनी एका खोलीत येणं आणि सरकारला ते पटवणं.

भरकटलेला_बाण

चर्चा चांगली आहे, पण हे सगळं दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं नाही का? आज घरातलं बहुतेक ट्रॅफिक व्हिडिओचं. नेटफ्लिक्स आणि गूगल आपले कॅशे सर्व्हर (लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती ठेवणारे) इंटरनेट कंपनीच्या आतच नेऊन ठेवतात. व्हिडिओ शेजारच्या रॅकमधून येत असेल तर दोन कंपन्या एकमेकांना कुठे जोडल्यात याने काय फरक पडतो?

पोर्ट_१७९

प्रश्न रास्त आहे. आकारमानाने बघितलं तर तुम्ही म्हणता ते बऱ्याच अंशी खरं आहे.

पण कॅशेमध्ये तेच ठेवता येतं जे हजारो लोकांना सारखंच हवं असतं. दोन माणसांमधला व्हिडिओ कॉल कॅशे होत नाही. बँकेचा व्यवहार, सरकारी अर्ज, दवाखान्याने दुसऱ्या दवाखान्याला पाठवलेला स्कॅन, विद्यापीठाच्या सर्व्हरवरची परीक्षा, ऑनलाइन गेम, यातलं काहीच कॅशे होत नाही. हे बाइट्सने थोडं असेल, पण उशीर याच ट्रॅफिकला सर्वांत जास्त जाणवतो.

दुसरं, कॅशे सर्व्हर सगळ्यांना मिळत नाही. त्यासाठी तुमच्याकडे ठरावीक ट्रॅफिक असावं लागतं. छोट्या कंपनीला तो मिळण्याचा मार्ग बहुतेकदा एक्स्चेंजमधूनच जातो, कारण कंटेंट कंपन्या तिथे येऊन सगळ्यांना एकदम भेटतात. म्हणजे एक्स्चेंज आणि कॅशे एकमेकांना पूरकच आहेत.

आणि तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समुद्राखालची केबल तुटते तेव्हा काय? मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एकाच वेळी अनेक केबल्स तुटल्या आणि कितीतरी देशांचं इंटरनेट कोलमडलं. अशा वेळी देशातली नेटवर्क्स देशातच जोडलेली असतील, आणि डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) उत्तरंही देशातच मिळत असतील, तर निदान आतल्या आत बँका, दवाखाने, बातम्या चालू राहतात. जोडणीच बाहेर असेल तर केबलबरोबर शेजारच्या इमारतीशी संपर्कही जातो.

हिशोबनीस

मी पैशाच्या बाजूने लिहितो, कारण धाग्यात "फुकट पीअरिंग" हा शब्द सहज येतोय. पोर्टचं भाडं, क्रॉस-कनेक्ट (डेटा सेंटरमधली जोडकेबल), रॅकची जागा, तिथपर्यंतची लिंक, हे सगळं विकतच असतं. फुकट असतं ते फक्त एकमेकांचं ट्रॅफिक घेणं.

ट्रान्झिटचं बिल कसं बनतं तेही माहीत असावं. दर पाच मिनिटांनी मोजणी होते. ३० दिवसांत ८,६४० नोंदी. त्यातल्या सर्वांत मोठ्या ५ टक्के, म्हणजे ४३२ नोंदी, काढून टाकतात आणि उरलेल्यांतल्या सर्वांत वरच्या आकड्यावर बिल निघतं. म्हणजे महिन्यातले ३६ तास माफ. पण घरगुती ग्राहकांचा गर्दीचा काळ रोज रात्रीचा असतो, तो ३६ तासांत मावत नाही. म्हणून छोट्या कंपनीने रात्रीच्या त्या ट्रॅफिकमधला देशातला भाग एक्स्चेंजवर वळवला तर बिलात लगेच फरक दिसतो.

आता माझा मुद्दा. ज्याच्याकडे लाखो घरं जोडलेली आहेत त्याने गल्लोगल्ली फायबर टाकलंय. समोरचा फक्त एका डेटा सेंटरमधून ढीगभर डेटा ढकलतो. दोघांनी एकमेकांना काहीच द्यायचं नाही, हे न्याय्य आहे का? जास्त पाठवतो त्याने पैसे द्यावेत, ही मागणी मला चुकीची वाटत नाही.

मध्यरात्र

हिशोबनीस, हा प्रयोग दक्षिण कोरियाने करून पाहिला आहे. जानेवारी २०१६ पासून तिथल्या बरोबरीच्या मोठ्या कंपन्यांमध्ये नियमाने असं ठरलं की ट्रॅफिक पाठवणाऱ्याने घेणाऱ्याला प्रमाणात पैसे द्यायचे. त्याआधी ते एकमेकांचं ट्रॅफिक विनाशुल्क घेत होते.

फेसबुकचा कॅशे तेव्हा केटी या कंपनीच्या नेटवर्कमध्ये होता आणि बाकीच्या कंपन्यांचे ग्राहकही तिथूनच डेटा घ्यायचे. नवा नियम आल्यावर केटी "पाठवणारी" ठरली, म्हणजे लोकप्रिय कंटेंट स्वतःकडे ठेवल्याची किंमत तिलाच मोजावी लागणार. पैशाची बोलणी फिसकटली आणि फेसबुकने दुसऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांना हाँगकाँग आणि अमेरिकेतल्या सर्व्हरांकडे वळवलं. देशातच असलेला डेटा लोकांना समुद्रापलीकडून मिळू लागला. नियामकाने २०१८ मध्ये फेसबुकला दंड केला, न्यायालयाने तो नंतर रद्द केला. पुढे ट्विचने तिथल्या नेटवर्क शुल्काचं कारण देत २७ फेब्रुवारी २०२४ ला कोरियातली सेवाच बंद केली.

आणि न्यायाचं म्हणाल तर तो डेटा कुणी "ढकलत" नाही. ग्राहकाने मागितला म्हणून तो येतो, आणि त्यासाठी ग्राहक आपल्या कंपनीला महिन्याचे पैसे देतोच.

हिशोबनीस

कोरियाचं उदाहरण वजनदार आहे, मान्य. तरी गल्लीतल्या फायबरचा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न माझ्यासाठी खुलाच राहतो. ग्राहकाचं भाडं वाढवणं हा एकच मार्ग उरत असेल तर तेही कुणाला आवडणार नाही.

सांजवारा

दोन कंपन्यांचं भांडण झालं आणि त्यांनी जोडणीच तोडली, असं होतं का? की करारात ते अडकवलेलं असतं?

आडवाट

होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेत लेव्हल थ्री आणि कोजंट या मोठ्या नेटवर्क कंपन्यांमध्ये ते झालं. २००८ च्या ऑक्टोबरअखेर स्प्रिंट आणि कोजंट यांच्यातही. जे ग्राहक फक्त एकाच कंपनीवर अवलंबून होते त्यांना दुसऱ्या बाजूच्या साइट्स दिसेनाशा झाल्या. दोन्ही बाजूंची यंत्रं व्यवस्थित चालू होती. इतक्या मोठ्या कंपन्या ट्रान्झिट विकत घेत नाहीत, म्हणून थेट जोडणी तुटली की वळसा घालायलाही रस्ता नसतो. २००९ मध्ये हरिकेन इलेक्ट्रिक या नेटवर्क कंपनीने तर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) साठी पीअरिंग करा अशी विनंती केकवर लिहून कोजंटला दिली होती.

कराराचं म्हणाल तर बहुतेक पीअरिंग लेखी नसतंच. पॅकेट क्लिअरिंग हाऊस या संस्थेने २०११ मध्ये १,४२,२१० पीअरिंग संबंधांची माहिती गोळा केली. त्यातले ९९.५१ टक्के तोंडी, शब्दावर चाललेले होते. मला याचा फार आदर वाटतो. इतकी महत्त्वाची व्यवस्था, आणि ती दोन इंजिनिअरांच्या "ठीक आहे, करू" यावर उभी आहे.

भरकटलेला_बाण

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं, धन्यवाद. आपलं ट्रॅफिक बाहेर फिरून येतंय का हे घरच्या घरी कसं बघायचं?

पोर्ट_१७९

ट्रेसरूट (वाटेतला प्रत्येक राउटर आणि तिथपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ दाखवणारी कमांड) चालवा, दुसऱ्या कंपनीवर असलेल्या एखाद्या मित्राच्या पत्त्याकडे किंवा देशातच सर्व्हर असल्याची खात्री असलेल्या साइटकडे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १,००० किलोमीटर जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद. यापेक्षा लवकर येणं कुणालाच शक्य नाही. पहिले चार-पाच टप्पे ३-४ मिलिसेकंदांत दिसतायत, मग अचानक एक टप्पा १२० चा आला आणि पुढचे सगळे १२० च्या वरच राहिले, तर मधे लांबची उडी आहे असं समजा. त्या राउटरच्या नावातही बहुधा शहराचा किंवा विमानतळाचा संक्षेप असतो, फ्रँकफर्टला एफआरए, सिंगापूरला एसआयएन.

एकच टप्पा जास्त वेळ दाखवतोय आणि पुढचे पुन्हा कमी, तर त्याकडे लक्ष देऊ नका. तो राउटर ट्रेसरूटला सावकाश उत्तर देतोय, एवढंच. आणि दोन्ही टोकांकडून चालवा, हे विसरू नका. जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता बहुतेकदा वेगळा असतो. जाताना पॅकेट सरळ एक्स्चेंजवरून गेलं आणि परत येताना परदेशातून आलं, असं मी अनेकदा पाहिलंय. एका टोकावरून बघणाऱ्याला उशीर दिसतो, पण तो कुठल्या बाजूने आला ते कळत नाही.

नवी_वाट

मी वाचनमात्र होते, पण आता विचारतेच. आमची छोटी इंटरनेट कंपनी आहे, दोन हजारांच्या आसपास घरं. आजवर सगळं एकाच मोठ्या कंपनीकडून घेतो, पत्तेही त्यांचेच. एक्स्चेंजवर जायचं तर सुरुवात कुठून करू?

आडवाट

नवी_वाट, स्वागत. आधी स्वतःचा एएस क्रमांक आणि स्वतःचे पत्ते घ्या. दुसऱ्याचे पत्ते वापरत असाल तोवर रस्ता निवडण्याचं स्वातंत्र्य मिळत नाही, आणि उद्या कंपनी बदलायची तर सगळ्या ग्राहकांचे पत्ते बदलावे लागतात. सध्याचं ट्रान्झिट मात्र सोडू नका. एक्स्चेंज त्याच्या जोडीला असतं, त्याच्या जागी नाही.

मग पीअरिंगडीबीवर आपली नोंद करा. ती सार्वजनिक यादी आहे, कोण कुठल्या एक्स्चेंजवर आहे आणि पीअरिंगसाठी कुणाला लिहायचं ते सगळे तिथेच बघतात. तुमच्या पत्त्यांसाठी आरपीकेआय या प्रमाणपत्र यंत्रणेत आरओए (डिजिटल सहीची नोंद) बनवा, म्हणजे हे पत्ते अनाउन्स करण्याचा अधिकार तुमच्याच एएसला आहे हे इतरांना तपासता येईल. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातल्या एका नेटवर्कने देशांतर्गत बंदीसाठी केलेली यूट्यूबच्या पत्त्यांची अनाउन्समेंट बाहेर निसटली आणि जगभर यूट्यूब दोनेक तास बंद पडलं होतं.

पोर्ट_१७९

आडवाटच्या यादीत एकच भर. सेशन वर आणण्याआधी बाहेर जाणारा फिल्टर लावा: फक्त तुमचे आणि तुमच्या ग्राहकांचे पत्ते बाहेर गेले पाहिजेत. ट्रान्झिटवाल्याने दिलेले रूट्स चुकून एक्स्चेंजवर गेले तर भलत्याच लोकांचं ट्रॅफिक तुमच्या लिंकवर येऊन पडेल आणि तुमची दोन हजार घरं बंद पडतील. आत येणाऱ्या बाजूलाही मॅक्स-प्रीफिक्सची (समोरच्याकडून जास्तीत जास्त किती रूट्स घ्यायचे याची) मर्यादा घाला. तुमच्या राउटरचं मॉडेल मला व्यनि करा, त्याचं कॉन्फिग आपण इथेच ओळीओळीने बघू.

नवी_वाट

व्यनि केलाय. एएस क्रमांकाचा अर्ज आजच भरते.